आनंदीबाईंच्या पदवीला रमाबाई

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपल्यापैकी बहुतेकांना केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पांढरी साडी, आखूड केस आणि थेट समोर बघणारे डोळे, असा तो फोटो आठवतो. डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव निघालं की श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी नाहीतर त्याच नावाचा २०१९ चा सिनेमा आठवतो. या दोघी आपल्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत असतात. शाळेत एकीचा धडा वेगळ्या इयत्तेत आणि दुसरीचा वेगळ्या. पण ११ मार्च १८८६ या दिवशी या दोघी अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या एकाच समारंभात होत्या. आनंदीबाई डॉक्टरकीची पदवी घेत होत्या आणि रमाबाई ते बघायला आल्या होत्या. बघायला आलेली ही बाई इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून आली होती. स्वतःचं शिक्षण मध्येच थांबवून आणि पाच वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलीला सोबत घेऊन.

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी रमाबाईंचा हाच एक प्रवास धरून लिहायचं ठरवलं. त्यांचं सगळं आयुष्य एवढं मोठं आहे की एका लेखात मावणार नाही. आणि मला या प्रवासाबद्दल एक म्हणायचंही आहे. ते मध्ये कुठेतरी येईलच. आधी रमाबाई तिथपर्यंत कशा पोचल्या ते बघू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळचा. हे ठिकाण सह्याद्रीच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. म्हणजे आम्हा बेळगावकरांनी 'आपल्याकडचीच' म्हणायला हरकत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण शास्त्रीबोवांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्याबद्दल उडुपीच्या पंडितांपुढे उभं राहून जाबही दिला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब एका जागी राहिलं नाही. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच टोपलीत बसून जंगलातून बाहेर पडल्या आणि त्यानंतर तीर्थामागून तीर्थ, गावामागून गाव असंच चाललं. पुराणं सांगायची, मिळेल त्यावर जगायचं.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. आठ वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. वय चोवीससुद्धा नाही.

हे सगळं मी इतक्या भराभर सांगतेय खरं, पण थोडं थांबून बघा. या बाईच्या आयुष्यात कुणाकडे धावत जायचं ते मरणाच्या वेळीच. आनंदाचं बोलावणं असं तिला फारसं आलंच नव्हतं.

१८८२ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करायला सरकारने नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं आणि त्यांच्यापुढे रमाबाईंची साक्ष झाली. त्यांनी तिथे दोन गोष्टी ठासून मांडल्या. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका पाहिजेत, आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर पाहिजेत. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मानणाऱ्या घरांतल्या बायका औषधावाचून मरतात, हे त्यांनी गावोगाव फिरताना डोळ्यांनी बघितलं होतं.

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांना स्वतःलाच डॉक्टर व्हायचं होतं. म्हणून एप्रिल १८८३ मध्ये त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचे पैसे प्रवासाला कामी आले. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण.

गंमत बघा, त्याच महिन्यात, ७ एप्रिल १८८३ ला, कलकत्त्याहून दुसरी एक मराठी बाई बोटीत बसली होती. आनंदीबाई जोशी. वय अठरा. नवऱ्याने, म्हणजे पोस्टातल्या गोपाळराव जोशींनी, तिला शिकवायचा ध्यासच घेतला होता. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्यानंतर तिने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिथल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता त्यांच्या हाती ते मासिक पडलं. या एका योगायोगातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि शेवटी ही मुलगी नवऱ्याशिवाय, ओळखीच्या मिशनरी बायकांबरोबर, अमेरिकेला निघाली. जाण्याआधी तिने सेरामपूरला भर सभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जातेय आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तसंच तिने केलं.

या दोघींचं लांबचं नातंही होतं. पण नात्यापेक्षा मला वाटतं दोघींचं काम एक होतं. एकीने कमिशनपुढे जे मागितलं, तेच दुसरी व्हायला निघाली होती.

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज गावी, अँग्लिकन पंथाच्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. पहिल्याच वर्षी तिथे भयंकर घडलं. आनंदीबाई भगत यांनी आपलं आयुष्य संपवलं. परक्या देशात, परक्या भाषेत, एवढं बरोबर आलेलं एकच माणूस. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून किती वादळ उठलं असेल याची कल्पना आपण करू शकतो.

आणखी एक दार बंद झालं. रमाबाईंना कमी ऐकू यायचं आणि ते वाढत चाललं होतं. कानांच्या या दुखण्यामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी त्यांना मानाने ठेवून घेतलं. रमाबाई गणित, विज्ञान, इंग्रजी शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या.

इथे एक सांगायला पाहिजे. मी कॅथलिक घरात वाढले. आमच्याकडे रमाबाईंची गोष्ट सांगितली तर ती एक भक्तिमान बाई म्हणून, फार गोडगोड करून सांगतात. पण त्या काही मुकाट ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. धर्मातल्या न पटलेल्या गोष्टींवर त्यांनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून सडेतोड वाद घातला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावं असं मिस बील यांनी सुचवलं, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी ते बरं दिसणार नाही म्हणून विरोध केला. हिंदुस्थानात भर सभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! ख्रिस्ती झाल्यावरही कुणाच्या परवानगीने चालायचं हे त्यांना मान्य नव्हतं. पुढचं समजायला हे लक्षात ठेवायला हवं.

१८८६ च्या सुरुवातीची परिस्थिती अशी. रमाबाई चेल्टनहॅमला शिकतायत. राहण्या-जेवण्याची सोय दुसऱ्यांच्या मदतीवर. सगळे हितचिंतक सांगतायत की आधी अभ्यास पुरा करा. आणि फिलाडेल्फियाहून बोलावणं येतं. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांनी कळवलं होतं की आनंदीबाई जोशी मार्चमध्ये पदवीधर होतायत, तर तुम्ही समारंभाला यावं.

आता हे बोलावणं सोपं होतं का? अजिबात नाही. जाणं म्हणजे अभ्यासाचं नुकसान. जाणं म्हणजे सिस्टरांची नाराजी, कारण त्यांच्या दृष्टीने अमेरिकेत जाऊन ही अजूनच स्वतंत्र होणार. ऐन हिवाळ्यात अटलांटिक म्हणजे थंडी आणि तुफानं. लहान मुलगी. आणि मिळणार काय? स्वतःसाठी काहीच नाही. पदवी दुसरीची. तीही अशी, जी आपल्याला हवी होती आणि कानांमुळे मिळाली नाही.

मला या जागी सारखं अडकायला होतं. माझ्या हाताला न लागलेली गोष्ट माझ्या ओळखीच्या मुलीला मिळाली, तर मी टाळ्या वाजवीन, मेसेज टाकीन, स्टेटसला फोटोही ठेवीन. पण माझी परीक्षा सोडून, बोटीने दोन आठवडे प्रवास करून, समोर जाऊन उभी राहीन का?

रमाबाईंनी आधी विचार केला, मागेपुढे पाहिलं, आणि मग जायचंच ठरवलं. बेत छोटा होता. समारंभ बघायचा, थोडे दिवस राहायचं आणि परत येऊन कॉलेजात रुजू व्हायचं. फेब्रुवारीच्या मध्यात, समारंभाला महिनाही उरलेला नसताना, त्या मनोरमाला घेऊन लिव्हरपूलहून बोटीत बसल्या आणि मार्चच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाला पोचल्या. बोटीला आणखी आठ-दहा दिवस लागले असते तर समारंभ हुकलाच असता.

आता ते म्हणायचं होतं ते म्हणते.

आमच्या बेळगावात कॅथलिक वस्तीत असं घर शोधून सापडणार नाही ज्यातलं कुणी बाहेर नाही. कुणी दुबईला, कुणी कुवेतला, कुणी कॅनडात. आमच्याकडे घाईघाईने काढलेलं विमानाचं तिकीट म्हणजे मयत, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. माझे आजोबा गेले तेव्हा मावशी एका रात्रीत निघून आली, तिकिटाचे दुप्पट पैसे देऊन. कुणी तिला विचारलं नाही की एवढा खर्च कशाला. मयताला सगळे धावतात आणि धावायलाच पाहिजे. पण माझी मावसबहीण आयर्लंडमध्ये नर्सिंगचं पुढचं शिक्षण पुरं करून पदवी घेत होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो समारंभ स्वयंपाकघरात मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून बघितला. जायचा विषयसुद्धा निघाला नाही. तिने नंतर फोटो पाठवला. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या मैत्रिणीचे आईबाप उभे होते. एकटी दिसू नये म्हणून ते आले होते. आई तो फोटो बराच वेळ बघत राहिली.

दुःखात जाणं आपल्याला येतं. दुसऱ्याच्या आनंदात, तेही लांबच्या, आपल्याला काही मिळणार नसताना, अंगाने जाऊन उभं राहणं आपल्याला तितकं जमत नाही. आपण म्हणतो, पुढच्या वेळी. रमाबाईंनी पुढच्या वेळी म्हटलं नाही. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे. कारण पुढची वेळ आली नाही.

११ मार्चचा तो दिवस. आनंदीबाई वीस वर्षांच्या होत्या, एकविसाव्याला वीस दिवस बाकी. प्राचीन आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. तीन वर्षं शाकाहार न सोडता, थंडीने आणि आजारपणाने हैराण होत, त्यांनी ही पदवी मिळवली होती. त्या कॉलेजातला त्यांचा एक फोटो तुम्ही मोबाइलवर नक्की बघितला असेल. तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात, साडीतल्या आनंदीबाई, जपानी पोशाखातल्या केई ओकामी आणि सीरियातल्या तिसऱ्या. तो फोटो आदल्या वर्षीचा, १८८५ चा. गोपाळरावही तोवर अमेरिकेला येऊन पोचले होते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी आनंदीबाई एक. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या.

आणि समोर बसलेल्यांत रमाबाई. सत्तावीस वर्षांच्या, ख्रिस्ती झालेल्या, मांसाशनाला न शिवणाऱ्या, साडीतल्या. समारंभातली भाषणं त्यांच्या कानांपर्यंत कितपत पोचली असतील? मला वाटतं, बरंचसं ऐकू न येता त्यांनी ते नुसतं डोळ्यांनी बघितलं असेल. चार वर्षांपूर्वी कमिशनपुढे मागितलेली बाई डॉक्टर समोर उभी होती, हे बघायला कानांची गरज नव्हती.

पुढे आपल्याकडे या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करायची सवय लागली. एक धर्म न सोडता शिकलेली म्हणून चांगली, दुसरी धर्म बदलला म्हणून वाईट. किंवा आमच्या बाजूला नेमकं उलटं. पण त्या दिवशी त्या दोघी आमनेसामने नव्हत्या. धर्म बदललेली बाई धर्म न बदललेल्या बाईचा मान बघायला आली होती आणि दोघींना त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. ही गोष्ट मला दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगाविशी वाटते.

यानंतर सगळंच भराभर घडलं. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने तिथल्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून बोलावलं. त्या ऑक्टोबर १८८६ मध्ये निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या, पण क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. पदवी मिळून वर्षही झालं नव्हतं. वय एकवीस. मी हे लिहितेय तेव्हा माझंही वय एकवीसच आहे आणि माझ्या हातून अजून पदवीची शेवटची परीक्षासुद्धा पार पडायची आहे. त्यांच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत त्यांच्या घरच्यांच्या जागेत ठेवल्या गेल्या.

म्हणजे रमाबाई त्या फेब्रुवारीत निघाल्या नसत्या, अभ्यास संपवून मग जाऊ म्हणाल्या असत्या, तर डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंच्या शेजारी उभं राहणं त्यांच्या वाट्याला कधीच आलं नसतं.

इकडे रमाबाईंचा थोड्या दिवसांचा बेत लांबतच गेला. फिलाडेल्फियात भाषणांची बोलावणी येऊ लागली. सरकारी शाळा, बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या संस्था, लहान मुलांना खेळातून शिकवायची फ्रोबेलची बालवाडी, हे सगळं बघून त्यांना आपला रस्ता दिसला. त्या परत गेल्याच नाहीत. त्याच वर्षी त्यांनी बालवाडीच्या शिक्षणवर्गात नाव घातलं. मनोरमाला मात्र वाँटेजला सिस्टरांकडे परत पाठवावं लागलं. एवढ्याशा पोरीला समुद्रापलीकडे ठेवून आई इकडे राहिली, हे सोपं नव्हतं आणि सिस्टर जेराल्डिनना ते आवडलंही नव्हतं. आईपण आणि काम यांत रमाबाईंनी काय काय गिळलं असेल, त्याचा हिशोब कुठल्याच चरित्रात पुरा मिळत नाही.

१८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'. उच्च जातीतल्या मुलींची लग्नं, विधवांचे हाल, हे सगळं त्यात आकडे आणि उदाहरणं देऊन मांडलेलं. प्रस्तावना डॉ. बॉडलींची. पुस्तक तयार होत असतानाच आनंदीबाई गेल्याची बातमी आली होती, म्हणून त्या प्रस्तावनेत आनंदीबाईंचा शोकही आहे. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. रमाबाई गावोगाव हिंडून बोलत राहिल्या. १३ डिसेंबर १८८७ ला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी निवासी शाळा काढायची आणि तिचा खर्च दहा वर्षं अमेरिकेतून पुरवायचा, असं ठरलं. त्यासाठी ठिकठिकाणी छोटी मंडळं निघाली आणि सभासद वर्षाला एकेक डॉलर देऊ लागले. एकेक डॉलर! आमच्या पॅरिशमध्ये महिला मंडळ भिशी चालवतं, जवळपास त्याच पद्धतीने.

जून १८८८ मध्ये डॉ. बॉडलीही गेल्या. ज्यांच्या पदवीसाठी आलो त्या नाहीत आणि ज्यांनी बोलावलं त्याही नाहीत, अशा अमेरिकेतून रमाबाई त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या. जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानात पोचल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेली पाहुणी जवळपास तीन वर्षांनी जगाला वळसा घालून घरी आली.

आणि मग मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. उद्घाटनाच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. आनंदीबाई जोशींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्या याच.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. अगदी लहानपणी विधवा झालेली, कोकणातली मुलगी. तिथे ती शिकली आणि १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. लग्नानंतर तिचं नाव ठेवलं आनंदी. तीच बाया कर्वे, 'माझे पुराण' लिहिणारी. रमाबाईंच्या आयुष्यातली ही तिसरी आनंदीबाई. पहिली वाँटेजला गेली, दुसरी पुण्यात, आणि ही तिसरी मात्र जगली, शिकली, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून संस्था उभारायला झटली.

सगळं गोडच झालं असं नाही. सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. तिथल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि त्यावरून 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी मदत करणारी मंडळीही सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्हीकडून बोलण्यासारखं पुष्कळ आहे. लेकीला धर्म बदलेल या भीतीने घरी नेणारे आईबापही मला समजतात, आणि माझ्या घरात मी प्रार्थना करायची नाही तर कुठे करायची, असं वाटणाऱ्या रमाबाईही समजतात. त्यानंतर दुष्काळातल्या बायकामुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. म्हातारपणी त्यांनी मूळ भाषा शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

हे सगळं त्या एका प्रवासामुळेच झालं, असं म्हणणं अति होईल. रमाबाई ज्या धातूच्या होत्या, त्यांनी कुठून ना कुठून वाट काढलीच असती. पण अमेरिका दिसली, माणसं भेटली, पुस्तक निघालं, पैसा उभा राहिला, याची सुरुवात कुठे आहे बघा. मदत मागायला त्या गेल्या नव्हत्या, शाळेचा आराखडा घेऊनही गेल्या नव्हत्या. एका मुलीच्या चांगल्या दिवशी तिच्या जवळ आपलं एक माणूस असावं, म्हणून गेल्या होत्या. बाकीचं त्यामागून आलं.

ज्यांना आणखी वाचायचं असेल त्यांच्यासाठी, रमाबाईंनी परत आल्यावर १८८९ मध्येच अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपासची मराठी आहे, सुरुवातीला दोन-चार पानं जड जातील. पण सुरुवात लिव्हरपूलच्या धक्क्यापासून आहे. तेवढी तरी वाचा.